दगडातून तांबे काढणारे अदृश्य कारागीर
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा निवृत्त मास्तर मुलांच्या अभ्यासाविषयी थोडे बोलेल, व्यसनांविरुद्ध थोडे बोलेल आणि जेवणाची पाने मांडली जाण्यापूर्वी खाली बसेल. ह्यांपैकी शेवटची अपेक्षा आम्ही निश्चित पुरी करू. परंतु विषय मात्र आम्ही निराळा निवडला आहे. विषय आहे तांबे. तुम्ही म्हणाल, तांबटांच्या सभेत तांब्याविषयी काय सांगणार? ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या घागरी, हंडे, बंब आणि तपेली ठोकली, ज्यांच्या आळीतून पहाटेपासून मठाराचा आवाज येत असे, त्यांना तांबे शिकवणे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकवण्यासारखे आहे. हे खरे. पण आपणांस जे तांबे ठाऊक आहे ते पत्र्याचे आणि मोडीचे. ते दगडातून बाहेर कसे येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आणि त्या कामी डोळ्यांस न दिसणारे सजीव राबतात, हे तर आम्हांसही वयाची साठी उलटेपर्यंत माहीत नव्हते.

ते माहीत कसे झाले, हे प्रथम सांगतो. गेल्या दिवाळीत आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी आम्हांस नमस्कार करावयास आली. ती आमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. आता ती सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम. एस्सी. करीत आहे. बोलता बोलता ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आम्हांला शिकवले होते की, सर्व सजीवांचे अन्न शेवटी सूर्यापासून येते. ते पूर्ण खरे नाही. दगड खाऊन जगणारे जीव आहेत, आणि ते तांबे काढून देतात. मला त्यांच्यावरच पुढे संशोधन करायचे आहे." तिचे आजोबा सोबत होते. त्यांनी उभी हयात ऐरणीपाशी घालवली आहे. ते म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा हिला. जंतूंचा अभ्यास करून तांबटाच्या घरात काय उजेड पडणार? आणखी चार वर्षे शिकायची, म्हणजे लग्नाचे वय निघून जायचे."

बंधुभगिनींनो, त्या दिवशी आम्ही कोणासही उत्तर देऊ शकलो नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही तेच एक वाक्य फळ्यावर लिहीत आलो होतो. परंतु विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता घरी जाणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून मुलीने आणून दिलेली पुस्तके आम्ही हळूहळू वाचली, जे समजले नाही ते तिला पुन्हा पुन्हा विचारले, आणि जे समजले ते आज आजोबांना, ते समोरच बसले आहेत, सर्वांच्या साक्षीने सांगत आहोत. कारण हा प्रश्न त्यांच्या एका घरचा नाही.

प्रथम दगडाची ओळख करून घेऊ. जगातील बहुतेक तांबे गंधकाशी बांधलेल्या स्थितीत असते. आपल्या जुन्या रसवैद्यांचे सुवर्णमाक्षिक ते हेच. सोन्यासारखे पिवळे चमकते. त्यात तांबे, लोह आणि गंधक अशी तिघांची गाठ असते. जुन्या काळी श्रीमंत दगड मिळत. आज जगातील पुष्कळ खाणींत शंभर किलो दगडामागे तांबे अर्धा ते एक किलोच निघते. एका घागरीस अडीच किलो तांबे धरले, तर हजार किलो दगड फोडावा तेव्हा दोन ते चार घागरी व्हावयाच्या. असा गरीब दगड भट्टीत घालणे परवडत नाही. तो दळून, पाण्यात घुसळून, तांब्याचा अंश वेगळा करून मग भट्टीस लावतात. भट्टीत गंधक जळतो आणि त्याचा धूर होतो. तो कसा नाकात जातो, घशाला कसा खाजवतो आणि झाडाची पाने कशी करपवतो, हे ज्याने गंधक जाळून पाहिला आहे त्यास सांगावयास नको. आता हा धूर अडवून त्याचे गंधकाम्ल करतात. पूर्वी तो गावावर सोडून देत.

ह्याहून वेगळा मार्ग आहे काय? मार्गाचे मूळ आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कळकते म्हणजे काय? ताकातील आंबटपणा तांब्याचा थोडा अंश आपल्यात विरघळवून घेतो. चिंचेने भांडे लख्ख निघते त्याचेही कारण तेच; भांड्यावरचा थर आंबटात विरघळतो. म्हणजे आगीवाचूनही तांबे हलवता येते. ते आम्लात उतरते, आणि त्याचे मोरचुदासारखे निळे पाणी होते.

निळ्या पाण्यातून तांबे परत कसे मिळवावे, हे आम्ही वर्गात दरवर्षी करून दाखवीत असू. काचेच्या पेल्यात मोरचुदाचे पाणी घ्यावे आणि त्यात घासलेला लोखंडी खिळा सोडावा. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो. मुले ओरडत, "गुरुजी, लोखंडाचे तांबे झाले!" तसे काही होत नाही. लोखंड पाण्यात उतरते, त्याचे हिराकस होते, आणि त्याच्या जागी तांबे बाहेर येऊन बसते. चीन देशात सोंग घराण्याच्या राजवटीत, अकराव्या शतकात, ह्याच रीतीने खाणींच्या निळ्या पाण्यातून तांबे काढून त्याची नाणी पाडीत. युरोपातील कित्येक किमयागारांना लोखंडाचे खरोखरच तांबे होते असे वाटे. आमच्या चौथीच्या मुलांची चूक त्यांच्याहून मोठी नव्हती.

आता स्पेन देशात चला. त्या देशाच्या नैर्ऋत्येस ऊएल्वा प्रांतात रिओ तिंतो नावाची नदी आहे. तिचे पाणी तांबड्या मद्याच्या रंगाचे, आणि लिंबाच्या रसासारखे आंबट. तिच्या उगमापाशी रोमन लोकांच्याही पूर्वीपासून खाणी आहेत. अठराव्या शतकापासून तेथे खाणीतून वाहणाऱ्या पाण्यात लोखंड टाकून तांबे गोळा करीत आले. दगडाचे ढीग रचावेत, त्यांवर पाणी सोडावे, काही महिन्यांनी खाली निळे पाणी पाझरावे, ते लोखंडावरून वाहू द्यावे, असा क्रम. ढिगात हे काम कोण करतो, असा प्रश्न कोणास पडला नाही. हवा-पाण्याचा तो गुण, असे समजून सर्व स्वस्थ होते.

ह्याच खाणीत दुसरीही एक रीत चालू होती. दगडाचे प्रचंड ढीग रचून ते उघड्यावर महिनोन् महिने जाळावयाचे. १८७३ साली ह्या खाणी एका इंग्रजी कंपनीच्या ताब्यात गेल्या आणि ह्या होळ्या फार वाढल्या. धुराने पिके करपली, माणसे खोकू लागली. १८८८ सालच्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस शेतकरी आणि खाणकामगार बायकापोरांसह गावच्या चौकात दाद मागावयास जमले. सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किती माणसे मेली, ह्याबद्दल आजही एकमत नाही. तेथील लोक त्या वर्षास 'गोळ्यांचे वर्ष' म्हणतात. ज्या डोंगरात एकीकडे धुरासाठी माणसे मरत होती, त्याच डोंगरात दुसरीकडे, पाण्याच्या ढिगांत, न जळता आणि न धुमसता तांबे सुटत होते. परंतु ते सोडवणारा कोण, हे न कळल्यामुळे त्याची मजुरी नेमकी कशी वाढवावी, हेही कोणास कळले नव्हते.

त्याचा शोध लागावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि तो लागला भलत्याच ठिकाणी. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात कोळशाच्या खाणींतून आंबट, गंजकट पाणी वाहत असे आणि नद्या नासत. कोल्मर आणि हिंकल ह्या दोघा संशोधकांनी त्याचा छडा लावावयाचे ठरवले. त्यांच्या तर्काचा गाभा चौथीच्या मुलालाही समजण्यासारखा आहे. खाणीचे पाणी दोन बाटल्यांत घ्यावे. एका बाटलीतील पाणी जसेच्या तसे ठेवावे. दुसरीतील पाण्यातून जंतू गाळून काढावेत किंवा ते मारून टाकावेत. हे काम हवेचे असेल, तर दोन्ही बाटल्या सारख्याच गंजल्या पाहिजेत. परंतु जंतू काढलेल्या पाण्यात लोह जवळजवळ तसेच राहिले. जिवंत पाण्यात ते भराभर पालटले. म्हणजे करणारा जिवंत होता! १९५१ साली टेंपल आणि कोल्मर ह्यांनी त्या जीवाणूस 'थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स' असे नाव दिले. २००० सालापासून त्याचे घराणे बदलून 'ॲसिडिथायोबॅसिलस' असे झाले आहे. अर्थ इतकाच की, आंबटात राहणारा, गंधकावर आणि लोहावर जगणारा दांडका. हा दांडका एवढा लहान की, एक मिलिमीटर लांबीत असे सुमारे हजार जण एकापुढे एक ओळीने मावतील.

तो करतो काय? आम्ही आमच्यापुरती एक उपमा योजली आहे, ती सांगतो. पाण्यात विरघळलेले लोह हा एक हमाल समजा. त्याच्या दोन अवस्था असतात. रिकाम्या हातांच्या हमालास शास्त्रज्ञ फेरिक म्हणतात, भार घेतलेल्यास फेरस म्हणतात. हिराकशीतील लोह ते हे भार घेतलेले. रिकामा हमाल दगडापाशी जातो आणि तांबे व गंधक ह्यांच्या गाठीतून विद्युत्कणाचा भार ओढून घेतो. गाठ सुटते, तांबे पाण्यात उतरते. पण आता हमालाचे हात भरले. तो पुन्हा कामाचा राहिला नाही. त्याचा भार हवेतील प्राणवायूने उतरवून घ्यावा, अशी सृष्टीची व्यवस्था आहे. परंतु आंबट पाण्यात ही देवघेव इतकी मंद चालते की, वर्षे लोटावीत. येथे आपला दांडका मध्ये उभा राहतो. तो हमालाचा भार उतरवतो, प्राणवायूच्या हवाली करतो, आणि त्या व्यवहारात जी शक्ती सुटते ती मजुरी म्हणून आपल्यापाशी ठेवतो. हमाल मोकळा होऊन पुन्हा दगडाकडे धावतो. ह्या मध्यस्थामुळे काम लक्षावधी पटींनी वेगवान होते. मिळालेल्या मजुरीतून तो हवेतील कर्बवायू घेऊन आपले शरीर बांधतो. त्याला ना ऊन लागते, ना हिरवे पान, ना दुसऱ्या प्राण्याचे मांस.

म्हणून मुलीचे म्हणणे बरोबर ठरले. आमच्या फळ्यावरच्या वाक्यात दुरुस्ती हवी होती. मात्र शिक्षकाची थोडी बाजू राखण्यासाठी एवढे सांगतो की, हा दांडका जो प्राणवायू वापरतो तो हिरव्या वनस्पतींनीच निर्माण केलेला असतो. तेव्हा सूर्याचे ऋण त्यालाही सर्वस्वी चुकत नाही. हे आम्ही मुलीस सांगितले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "गुरुजी, हा मुद्दा मात्र तुमचा!"

शोध लागल्यावर व्यवहार मागे राहत नाही. अमेरिकेतील यूटा प्रांतात बिंगहॅम कॅनियन ही तांब्याची अवाढव्य खाण आहे. ती चालवणाऱ्या केनेकॉट कंपनीच्या संशोधकांना १९५८ साली ह्या जीवाणूंकरवी धातू विरघळवण्याच्या रीतीचे पेटंट मिळाले. पुढे १९६८ साली ॲरिझोना प्रांतात आणखी एक सोय झाली. निळ्या पाण्यातून तांबे तेवढेच उचलून घेणारे एक औषध रॉकेलसारख्या तेलात मिसळून वापरू लागले, आणि त्यातून ते विजेच्या साहाय्याने पत्र्यावर चढवू लागले. लोखंडाच्या मोडीची गरज संपली. विजेने बसलेले हे तांबे शेकडा ९९.९९ शुद्ध असते. आपल्या वाडवडिलांनी मोडीतले तांबे पुन्हा पुन्हा गाळून जी शुद्धता मिळवली, तिला नमस्कार करून सांगतो की, एवढी ती नव्हती.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ह्या विद्येची खरी शेती झाली. १९८० साली सांतियागो शहराजवळील लो आगिर्रे खाणीत, आणि १९९४ साली त्या देशाच्या उत्तरेस केब्रादा ब्लांका येथे ही रीत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. केब्रादा ब्लांका ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंच. तेथे हवा विरळ, रात्री कडाक्याची थंडी. माणसाला धाप लागते. तरी भरभराटीच्या काळात ह्या जीवाणूंनी तेथे वर्षास सत्तर हजार टनांहून अधिक तांबे सोडवून दिले. रीत ऐकण्यासारखी आहे. दगड फोडून बारीक खडी करावयाची. ती फिरत्या पिंपात गंधकाम्लाने भिजवावयाची. जमिनीवर जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालून त्यावर ह्या खडीचे सहा ते दहा मीटर उंचीचे ढीग रचावयाचे. वरून ठिबक नळ्यांनी आंबट पाणी द्यावयाचे, खालून भोकांच्या नळ्यांनी हवा फुंकावयाची. आपले द्राक्षबागाईतदार वेलीला जसे ठिबकने पाणी देतात तसेच, फक्त येथे वेल दिसत नाही. काही महिने ते वर्ष-दीड वर्ष ढीग असा जोपासला की, त्यातील तांबे बव्हंशी पाझरून येते. जगातील खाणींतून निघणाऱ्या तांब्यापैकी सुमारे पाचवा-सहावा हिस्सा आज असा आगीवाचून, पाण्याच्या मार्गाने मिळतो. त्यातील काही दगड गंधकरहित असतो व नुसत्या आम्लाने विरघळतो. परंतु जेथे गंधकाची गाठ असते, तेथे ती सोडवणारे हात ह्या जीवाणूंचे असतात.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू मरतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. आपल्या घागरीची थोरवी आपण गिऱ्हाइकास सांगतो ती ह्याच आधारावर. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम ही तांब्याची मर्यादा सांगितली आहे. आणि हा दांडका? लिटरमागे कित्येक ग्रॅम तांबे असलेल्या निळ्या पाण्यात तो सुखाने संसार करतो. जे तांबे इतर जंतूंस विष, तेच त्याच्या अंगणातील पाणी. सर्वांस एकच माप लावू नये, हे सृष्टीने येथे फार स्पष्ट सांगितले आहे.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे म्हणजे गिऱ्हाइकास भांड्याचा टवका न दाखवण्यासारखे होईल.

पहिली अडचण वेळेची. भट्टीचे काम तासांचे, जीवाणूंचे काम महिन्यांचे. दुसरी अडचण दगडाच्या जातीची. ज्यात तांबे आणि गंधक ही दोघेच असतात, तो दगड लवकर वश होतो. परंतु सुवर्णमाक्षिक हट्टी आहे. त्याच्यावर थोड्याच दिवसांत एक पातळ थर बसतो आणि आतले तांबे अडून राहते. हा थर कसा टाळावा, ऊन पाण्यात राहणारे दुसरे जीवाणू वापरावेत काय, ह्यावर देशोदेशी खटपट चालू आहे. आणि आपल्या देशातील तांबे मुख्यतः ह्याच हट्टी दगडात आहे. राजस्थानात खेत्री, झारखंडात सिंगभूम आणि मध्य प्रदेशात मलाजखंड ह्या आपल्या प्रमुख खाणी. मलाजखंड बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या शेजारी आहे. तेथे १९८२ सालापासून उघड्या खाणीचे काम झाले. काढताना जो कमी प्रतीचा दगड बाजूस पडतो त्यातून जीवाणूंकरवी तांबे काढण्याचे प्रयोग भुवनेश्वर येथील खनिजविषयक सरकारी प्रयोगशाळेने केले आहेत. प्रयोगातून चिलीसारखी शेती अद्याप उभी राहिलेली नाही. आपल्या देशास लागणारे बहुतेक तांबे बाहेरून आणलेल्या खनिजातून अथवा मोडीतून भागवावे लागते. ह्याचा अर्थ काम शिल्लक आहे, आणि ते करणाऱ्यांची गरज आहे.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. हा दांडका चाकर नव्हे. मालकाने खाण बंद केली म्हणून तो काम थांबवीत नाही. अमेरिकेतील मोंटाना प्रांतात ब्यूट येथील बर्कली पिट ही तांब्याची खाण १९८२ साली बंद झाली. उपसा थांबल्यावर तीत पाणी भरले, आणि दगड, हवा व जीवाणू ह्यांनी मिळून त्याचा आंबट, विषारी तलाव केला. १९९५ च्या नोव्हेंबरात त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेलेले आढळले. जी विद्या तांबे देते, तीच लक्ष न दिल्यास नदी मारते. ढिगाखालचे अस्तर फाटले तर निळे पाणी कोणाच्या तरी विहिरीत जाते.

आणि धुराचा प्रश्नही केवळ स्पेनच्या इतिहासातला नाही. २०१८ च्या मे महिन्यात तमिळनाडूतील तुत्तुकुडी येथे तांबे गाळण्याच्या कारखान्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मृत्युमुखी पडली. १८८८ आणि २०१८. मध्ये एकशेतीस वर्षे गेली. बंधूंनो, आपण तांब्यावर जगलेली माणसे आहोत. देवघरातील ताम्हण आपण घडवतो. त्या तांब्यासाठी कोठे कोणाचे शेत करपले आणि कोणाचे पाणी नासले, हे विचारण्याची जबाबदारी इतरांहून आपल्यावर अधिक आहे असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट ज्ञातिबांधवांस प्रेमाने सांगावयाची आहे. आपल्या अंकांतून 'आमच्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते' अशा मजकुराचे लेख येतात. आपण त्वष्ट्याचे वंशज म्हणवतो, ह्याचा आम्हांसही अभिमान आहे. आपल्या पूर्वजांना तांबे किती तापवावे, कधी पाण्यात बुडवावे, घण कोठे बसावा, हे ठाऊक होते, आणि ती लहान विद्या नव्हती. परंतु दगडातील जीवाणू त्यांस ठाऊक नव्हते; ह्या दांडक्याचा शोध १९४७ साली लागला. जे नव्हते ते होते म्हटल्याने पूर्वज मोठे होत नाहीत. त्यांनी जे खरोखर केले ते जपल्याने होतात.

आता आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर. तांबटाच्या घरात काय उजेड पडणार?

आजोबा, तुमच्या लहानपणी आळीत किती भट्ट्या पेटत होत्या आणि आज किती पेटतात, हे तुम्ही आमच्याहून अधिक जाणता. स्टेनलेस स्टील आले, ॲल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले. घागर नळाखालून निघून दिवाणखान्यात शोभेला बसली. आपली मुले बँकेत गेली, कचेरीत गेली. त्यात काही वाईट झाले नाही. पण तांब्याची ओढ घेऊन शिक्षणात पुढे गेलेले मूल आम्ही आजवर एकच पाहिले, आणि ते तुमच्या घरचे. जगात तांब्याची गरज कमी झालेली नाही. विजेची तार, मोटार, पंखा, संगणक, सारे त्यावरच चालते. टाकाऊ संगणकांच्या पाट्यांतूनही हेच जीवाणू लावून तांबे सोडवण्याचे प्रयोग होत आहेत. म्हणजे मोडीचा धंदासुद्धा उद्या ह्यांच्या हाती जाऊ शकतो. हातोडी तुमच्या नातीच्या हाती नसेल, पण धातू तोच आहे. तुम्ही तांब्याला आकार दिलात. ती त्याला दगडातून, धूर न करता आणि कोणाची विहीर न नासवता, बाहेर कसे आणावे हे शोधू पाहते. ह्याला घराणे सोडणे म्हणावे की घराणे पुढे नेणे, हे तुम्हीच ठरवा. लग्नाविषयी आम्ही बोलत नाही. तो तिचा आणि तुमचा विषय आहे. चार वर्षांचे शिक्षण ही मात्र सबंध ज्ञातीची बाब आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत सध्या बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांचाच विचार होतो. पदवीपुढे धातू, खनिज अथवा तत्संबंधी शास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी एक निराळी शिष्यवृत्ती ठेवावी. तिच्या निधीत पहिली भर आमच्या निवृत्तिवेतनातून आम्ही आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. ती रक्कम मोठी नाही. परंतु ज्या मिलिमीटरभर जागेत हजार कामगार ओळीने उभे राहतात, त्यांतील एकट्याची ताकद ती किती? तरी सर्वांनी मिळून डोंगर विरघळवला आहे.

पाने मांडल्याचा आवाज येत आहे. श्रीकालिकामातेस वंदन करून आणि चौथीच्या फळ्यावरील ती चूक आपल्या विद्यार्थिनीने सुधारली ह्याचा आनंद मानून, आम्ही हे भाषण पुरे करतो.